पहाऱ्याचा हिशेब: सैनिकी सेवा कागदावर उतरवताना

पायदळातील चोवीस वर्षांची सेवा संपवून मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो, तेव्हा पुढचे काम सुरक्षा क्षेत्रातच करायचे हे मनात पक्के होते. शिपाई म्हणून भरती झालो, नायक झालो, हवालदार झालो, मधली दोन वर्षे प्रशिक्षण केंद्रात उस्ताद होतो आणि एक वर्ष संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत गेले. एवढी सेवा पाठीशी असलेल्या माणसाला आपल्या कामाची माहिती कागदावर मांडणे जड जाईल, असे वाटले नव्हते. प्रत्यक्षात त्या तीन पानांना पाच महिने लागले, आणि ते पाच महिने सेवेतल्या कोणत्याही कोर्सइतकेच कसाचे होते.

पहिला मसुदा मी दोन संध्याकाळी बसून लिहिला. भरतीपासून निवृत्तीपर्यंतचे हुद्दे, केलेले कोर्स, मिळालेली पदके आणि प्रशस्तिपत्रे असे सारे त्यात क्रमाने होते. अनेक देशांत गोदामे आणि कार्यालये असलेल्या एका कंपनीत सुरक्षा व्यवस्थापकाची जागा निघाली होती, तिथे तो पाठवला आणि मुलाखतीचे बोलावणे आले. समोरच्या मॅडमनी माझा कागद टेबलावर ठेवला, ‘विविध ठिकाणी गार्ड कमांडर म्हणून काम केले’ या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि विचारायला सुरुवात केली. गार्ड किती जणांचा होता? राखायचे काय होते? चाव्या कोणाच्या ताब्यात असायच्या? पहारा किती तासांनी बदलायचा? संत्र्याची, म्हणजे पहाऱ्यावरच्या शिपायाची, चूक झाली तर ती तुमच्यापर्यंत कशी पोहोचायची? मी सगळ्या प्रश्नांची उत्तरे न अडखळता दिली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “सुभेदारसाहेब, आता जे सांगितलेत त्यातले एक अक्षरही या कागदावर आलेले नाही. हे लिहून आणा, मग आपण पुढचे बोलू.”

परतताना मी त्याच एका ओळीचा विचार करत होतो. पलटणीत असे प्रश्न कोणी विचारत नाही, कारण विचारणाऱ्याने आणि उत्तर देणाऱ्याने तोच पहारा दिलेला असतो. ‘हवालदार, गार्ड कमांडर’ एवढे म्हटले की ताब्यातली माणसे, चाव्या, दारूगोळ्याची मोजदाद, रात्रीच्या फेऱ्या, आजारी संत्र्याच्या जागी उभा केलेला बदली माणूस, हे सारे ऐकणाऱ्याला आपोआप कळते. बाहेरच्या माणसाला त्या हुद्द्यातून एक आदरयुक्त धूसर चित्र दिसते, त्यापलीकडे काही नाही. आणि खरे सांगायचे तर इतकी वर्षे हुद्दाच माझ्या वतीने बोलत आल्यामुळे, आपण नेमके काय करत होतो हे स्वतःच्या शब्दांत सांगायची सवय मलाही उरली नव्हती.

दुसरा मसुदा लिहायला बसण्याआधी एक गोष्ट ठरवणे भाग होते. सेवेत असताना कळलेल्या पुष्कळ गोष्टी निवृत्तीनंतरही आपल्या नसतात. तैनातीची नेमकी ठिकाणे, तुकडीचे संख्याबळ, शस्त्रांची संख्या, संपर्काची साधने आणि वेळा यांतले काहीही लिहायचे नाही, असे मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवले. मग उरले काय? कामाचा प्रकार, हाताखालची माणसे, जबाबदारीचा काळ, राखलेल्या गोष्टीचे स्वरूप, माझ्या हातून बदललेली एखादी पद्धत आणि तिचा परिणाम. जिथे शंका आली तिथे मी माझ्या जुन्या कंपनी कमांडरसाहेबांना फोन केला. दोन ठिकाणी त्यांनी ‘हे काढा’ म्हणून सांगितले, मी काढले. मुलाखतीत वजन पडावे म्हणून नको ते सांगणारा माणूस उद्या आपली गुपितेही बाहेर सांगेल, हे समोरच्याला लगेच कळते. म्हणून जे वगळले त्याची मला कधी हळहळ वाटली नाही.

लिहिताना पहिली आठवण आली ती भरतीनंतरच्या दुसऱ्या वर्षातली, कोताच्या पहाऱ्याची. कोत म्हणजे आमचे शस्त्रागार. दाराला कुलूप, कुलपावरून ओवलेली तार आणि तारेच्या टोकाला क्रमांक असलेले शिशाचे सील. पहारा घेताना ते सील हातात धरून, टॉर्चच्या उजेडात क्रमांक वाचून, तार ओढून पाहून मग रजिस्टरमध्ये लिहायचे असा नियम होता. पाऊस लागला होता, पहाटेचे दोन वाजले होते. मी दाराकडे नजर टाकली आणि आधीच्या संत्र्याने लिहिलेला क्रमांक पाहून तसाच उतरवला. गार्ड कमांडर हवालदारांनी रजिस्टर वाचले आणि विचारले, “सील वाचलेस की आधीची ओळ वाचलीस?” मी गप्प राहिलो. ते ओरडले नाहीत. मला घेऊन पावसात दारापाशी आले, सील माझ्या बोटांत दिले आणि एकेक आकडा मोठ्याने वाचायला लावला. क्रमांक बरोबरच होता. तरीही त्यांनी माझी नोंद एका रेघेने खोडायला लावली, खाली नवी नोंद करायला लावली आणि तिच्यापुढे ‘प्रत्यक्ष पाहून’ असे लिहायला सांगितले. शिशाचा तो थंडगार गोळा आणि त्यावरचे उठावाचे आकडे आजही माझ्या बोटांना आठवतात.

ही आठवण लिहून झाल्यावर माझ्या ध्यानात आले की मी चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली होती. प्रत्यक्ष गोळीबाराशी संबंध आलेले दिवस मी आठवून मोजले, ते चाळीसच्या आत भरले. त्या दिवसांचा मला अभिमान आहे आणि त्यांत गमावलेल्या सोबत्यांची नावे मी रोज घेतो. पण बाकीची सगळी वर्षे राखण्यात, मोजण्यात, नोंदी ठेवण्यात, ताबा घेण्यात आणि देण्यात, माणसे जागी ठेवण्यात आणि त्यांना वेळेवर झोपू देण्यात गेली होती. सुरक्षा क्षेत्राला लागणारा माझा अनुभव तिथे होता आणि पहिल्या मसुद्यात मी तो एका ओळीत गुंडाळला होता.

पहाऱ्याच्या वेळांचेच उदाहरण घेतो. दोन तास पहारा आणि चार तास विश्रांती, हे चक्र आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलो. त्यामागे शास्त्र आहे हे मला या पाच महिन्यांत वाचताना कळले. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यासमोर बसणाऱ्या माणसांच्या नजरेतून पुढे पुढे खुणा का सुटतात, याचा शोध नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने ब्रिटिश हवाई दलासाठी घेतला आणि १९४८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याने एक साधे घड्याळ बनवले होते. त्याचा काटा ठरावीक टप्प्याने सरकायचा आणि क्वचित एकदम दोन टप्पे उडी मारायचा. उडी दिसली की कळ दाबायची, एवढेच काम. पहिल्या अर्ध्या तासातच माणसांकडून उड्या सुटण्याचे प्रमाण स्पष्ट वाढले, आणि ही माणसे आळशी किंवा बेफिकीर होती असे मुळीच नव्हते. हे वाचल्यावर सेवेत एका चौकीवर मी केलेला बदल मला नव्या नजरेने दिसला. तिथे रात्री एकाच संत्र्याला दोन तास दुर्बिणीवर बसवत असत. मी जोडी लावली आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी दुर्बीण व फेरी यांची अदलाबदल सुरू केली. दुसऱ्या मसुद्यात हा बदल मी चार ओळींत लिहिला: काय होते, काय केले, किती महिने चालले आणि नोंदींत काय फरक पडला. पुढे मुलाखतीत सर्वांत जास्त प्रश्न याच चार ओळींवर आले, कारण कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये एकेक जण सलग बारा तास सोळा पडदे पाहत बसत होता.

शांतिसेनेतल्या वर्षाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण फौजी माणूस सुरक्षारक्षक कसा होतो हे मी तिथे शिकलो. दक्षिण सुदानमध्ये डिसेंबर २०१३ मध्ये यादवी पेटली आणि जीव वाचवण्यासाठी हजारो लोक संयुक्त राष्ट्रांच्या तळांच्या फाटकांशी येऊन थांबले. फाटके उघडली गेली आणि तळांच्या आवारात नागरिकांच्या संरक्षणाच्या वसाहती उभ्या राहिल्या. मे २०१४ च्या २१५५ क्रमांकाच्या ठरावाने सुरक्षा परिषदेने नागरिकांचे संरक्षण हे त्या मोहिमेचे पहिले काम ठरवले. आमची तुकडी तिथल्या मलाकल शहरातल्या तळावर होती. माझ्याकडे एक फाटक आणि कुंपणाचा एक पट्टा होता. पाऊस पडला की तिथली काळी माती चाकांना आणि बुटांना अशी चिकटायची की फाटकापासून टेहळणी मनोऱ्यापर्यंत जायला दुप्पट वेळ लागायचा, म्हणून मनोऱ्यावर पुढचा पहारा घेणाऱ्या संत्र्याला मी पंधरा मिनिटे आधी निघायला लावत असे.

शांतिसेनेच्या कामाची तीन सूत्रे आम्हाला निघण्याआधी शिकवली होती: संबंधित पक्षांची संमती, निःपक्षपातीपणा आणि स्वसंरक्षण किंवा सोपवलेल्या कामाचे रक्षण याखेरीज बळाचा वापर न करणे. वर्गात ती पाठ करणे सोपे होते. फाटकावर सकाळी सरपणाचे भारे घेऊन परतणाऱ्या बायकांची रांग लागायची आणि एखाद्या भाऱ्यात सुरा किंवा बंदुकीचा सुटा भाग असू शकतो हे आम्हाला ठाऊक असायचे. झडती घेणे अटळ होते. ती कशी घ्यायची, यावर सगळे अवलंबून होते. बायकांची झडती बायकाच घेतील, भारा ज्याचा त्यानेच सोडायचा, सापडलेली वस्तू सर्वांसमोर नोंदवायची, आणि एका समाजाच्या माणसाला जे लागू तेच दुसऱ्याला, असे आम्ही ठरवले व दुभाष्यामार्फत रोज रांगेला सांगत राहिलो. पहिल्या आठवड्यात ढकलाढकली झाली, दगडही आले. महिन्याभरात रांगेतली माणसे आपणहून भारे सोडून ठेवू लागली. युद्धाच्या प्रशिक्षणात समोरचा माणूस शत्रू आहे की आपला, हे आधी ठरते. फाटकावर समोरचा प्रत्येक माणूस आधी आपल्या आश्रयाला आलेला असतो, आणि त्याच्या सुरक्षेसाठीच त्याला थांबवावे लागते. एखाद्या कार्यालयाच्या किंवा रुग्णालयाच्या दाराशी उभ्या असलेल्या रक्षकाची स्थिती याहून वेगळी नसते.

दुसरा मसुदा मान्य झाल्यावर मुलाखतीची दुसरी फेरी झाली. तिचा मोठा भाग बळाच्या वापराबद्दल होता. युद्धाचे नियम मला माहीत होते. १९४९ चे चार जिनिव्हा करार आणि १९७७ चे दोन पुरवणी करार यांवर मी स्वतः प्रशिक्षण केंद्रात तास घेतले होते. पण मला विचारले गेले ते दुसरेच. गोदामातून माल घेऊन पळणाऱ्या माणसावर सशस्त्र रक्षकाने गोळी चालवावी का? मी नाही म्हणालो. का नाही, असे विचारल्यावर मात्र माझे उत्तर शिस्तीचे निघाले, नियमाचे निघाले नाही. घरी येऊन मी तो विषय मुळापासून वाचला. कायदा राबवणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये हवाना येथे बळ आणि बंदुकीच्या वापराची मूलतत्त्वे स्वीकारली. आधी बळाविना उपाय करायचे, बंदूक वापरावीच लागली तर आपली ओळख व स्पष्ट इशारा द्यायचा, आणि मृत्यू किंवा गंभीर इजेचा धोका अगदी समोर असेल तेव्हाच तिचा विचार करायचा, हे त्यांचे सार. खासगी सुरक्षा पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी २०१० मध्ये जिनिव्हात तयार झालेल्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेतही हीच मर्यादा आहे. पळणाऱ्या चोरावर गोळी चालवणे त्या मर्यादेत बसत नाही, कारण पाठ फिरवलेल्या माणसापासून कोणाच्या जिवाला धोका उरलेला नसतो. सैनिकाला युद्धात शत्रुपक्षाच्या लढणाऱ्या माणसाविरुद्ध जो अधिकार असतो, तो गणवेशाबरोबर तिथेच जमा होतो. रक्षक म्हणून आपल्याकडे त्या जागेच्या कायद्याने सामान्य नागरिकाला दिलेला स्वसंरक्षणाचा हक्क उरतो, आणि काही ठिकाणी परवान्याने मिळालेली थोडी जबाबदारी. हे मी पुढच्या भेटीत मांडले. फौजेतून येणाऱ्या प्रत्येकाने हे अंगी मुरवूनच रक्षकाचा पोशाख घालावा, असे माझे ठाम मत आहे.

याच काळात एका जुन्या सोबत्याचा फोन आला. संघर्ष चालू असलेल्या प्रदेशात शस्त्र घेऊन काम होते आणि मोबदला माझ्या कल्पनेपलीकडचा होता. मी त्याला कामाचे स्वरूप लिहून मागितले. त्यात रस्त्यावरच्या ताफ्याचे रक्षण होते, पण शेवटी ‘गरजेनुसार स्थानिक दलांबरोबर कारवाईत सहभाग’ अशी ओळ होती. पहिल्या पुरवणी कराराच्या ४७ व्या कलमात भाडोत्री सैनिकाची व्याख्या आहे. ती मी पुन्हा काढून वाचली: खास लढण्यासाठी भरती झालेला, लढाईत प्रत्यक्ष भाग घेणारा, मुख्यतः स्वतःच्या फायद्यासाठी उतरलेला, त्या पक्षांपैकी कोणाचाही नागरिक, रहिवासी वा सैनिक नसलेला आणि कोणत्याही देशाने अधिकृत कामावर न पाठवलेला. या सगळ्या अटी एकत्र लागू झाल्या तरच माणूस त्या व्याख्येत बसतो, आणि तसा बसला तर त्याला लढवय्याचा किंवा युद्धकैद्याचा हक्क मिळत नाही. सप्टेंबर २००८ मध्ये माँत्र्यू येथे स्वित्झर्लंड आणि आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या पुढाकाराने सतरा देशांनी मान्य केलेला दस्तऐवजही मी वाचला. खासगी सुरक्षा कंपन्यांची माणसे युद्धाच्या कायद्यातून सुटत नाहीत, हे त्यात स्वच्छ लिहिले आहे. त्या शेवटच्या ओळीमुळे मी नकार कळवला. सोबती नाराज झाला, पण ज्या कामात आपण कायद्याच्या कोणत्या बाजूला उभे आहोत हे रोज नव्याने ठरणार, ते काम मी करणार नव्हतो.

तिसरी फेरी प्रत्यक्ष जागेवर होती. एक गोदाम, एक दिवस, एक मोजपट्टी आणि एक घड्याळ माझ्या हाती दिले गेले आणि संध्याकाळपर्यंत अहवाल मागितला. आतल्या जाळीच्या कप्प्यात किमती माल होता. मी फौजी पद्धतीने आधी बाहेरून फेरी मारली, मग कागदावर रेंज कार्डासारखा नकाशा काढला: कुठून काय दिसते, किती अंतरावर, कुठे नजर पोहोचत नाही. त्यानंतर घुसखोराच्या बाजूने वेळ मोजला. एका धडधाकट रक्षकाला सोबत घेऊन अंतरे चालून-धावून पाहिली आणि कुलपांचे व जाळीचे अंदाज देखभाल करणाऱ्या मिस्त्रीला विचारून घेतले. कुंपण ओलांडायला २० सेकंद, शटरपर्यंत धावायला ३५, शटरची दोन कुलपे तोडून आत शिरायला ९०, कप्प्यापर्यंत ४० आणि जाळी कापायला १२०. एकूण ३०५ सेकंद. पाच मिनिटांहून थोडे जास्त. हे ऐकून गोदामाच्या प्रमुखांना बरे वाटले. त्यांचा विचार शटरला तिसरे, आणखी भक्कम कुलूप लावण्याचा होता.

पण धोक्याची घंटा वाजणार होती ती शटर उघडल्यावर. तोवर १४५ सेकंद गेलेले असत आणि घुसखोराचे उरलेले काम १६० सेकंदांचे. इकडे कंट्रोल रूमने पडद्यावर खात्री करायला ४५ सेकंद घेतले आणि फाटकावरच्या दोघांना कप्प्यापर्यंत पोहोचायला १५० सेकंद लागले, म्हणजे १९५. पस्तीस सेकंद कमी पडत होते. तिसऱ्या कुलपाने यात काही फरक पडत नव्हता, कारण ते कुलूप तुटत असताना कोणाला पत्ताच लागणार नव्हता. सुगावा लागण्याआधी गेलेला वेळ घुसखोराच्या खात्यात जमा होतो. तोच सुगावा कुंपणावर लागला तर त्याचे २८५ सेकंदांचे काम उरते आणि आपल्या हातात ९० सेकंद शिल्लक राहतात. म्हणून कुंपणाला कंप ओळखणारी तार आणि तिच्याशी जोडलेला कॅमेरा सुचवला. वाऱ्याने आणि जनावरांनी ती तार खोट्या घंटा देईल आणि आठवड्याभरात रक्षक तिच्याकडे काणाडोळा करतील, म्हणून प्रत्येक घंटेची कारणासह नोंद ठेवावी, हेही त्याच परिच्छेदात लिहिले.

हे गणित मी कोणत्या वर्गात शिकलो नव्हतो. नवख्या नायकालासुद्धा पलटणीत शिकवतात की काटेरी तारांचा अडथळा आपल्या नजरेखाली आणि माऱ्याखाली असला पाहिजे. तसा नसेल तर शत्रू सावकाश बसून तार कापतो. नागरी सुरक्षेत माऱ्याची जागा वेळेवर पोहोचणाऱ्या माणसांनी घेतली आहे, बाकी तत्त्व तेच आहे. त्या अहवालावर मला ती जागा मिळाली.

पुढे रक्षकांसाठी पोस्ट ऑर्डर, म्हणजे प्रत्येक जागेवर काय करायचे याच्या लेखी सूचना, लिहिताना लष्करी हुकुमाची पाच अंगे तशीच उपयोगी पडली: परिस्थिती, उद्दिष्ट, कार्यवाही, पुरवठा व व्यवस्था, नेतृत्व व संपर्क. आधीच्या ऑर्डरी अकरा पानांच्या होत्या आणि कोणाच्याही वाचनात नव्हत्या. मी प्रत्येक जागेसाठी एकच पान केले, ते त्या जागेवर उभे राहून लिहिले आणि तिथल्या रक्षकाकडून मोठ्याने वाचून घेतले. ज्या वाक्यावर तो अडला ते बदलले. नोकरी सुरू असतानाच एसिस इंटरनॅशनल या १९५५ पासूनच्या संस्थेच्या भौतिक सुरक्षेच्या प्रमाणपत्राचा अभ्यास केला. धोक्याचे मूल्यमापन, सुरक्षा यंत्रणांची रचना आणि उपायांची अंमलबजावणी असे त्याचे तीन भाग आहेत. पहिला आणि तिसरा मला ओळखीचा वाटला. मधल्या भागासाठी कॅमेऱ्यांची भिंगे, प्रकाशाची मापे आणि प्रवेश नियंत्रणाचे जोडकाम शून्यातून शिकावे लागले, त्यात चार महिने रोजचे दोन तास गेले.

एक चूकही लिहिली पाहिजे. पहिल्या महिन्यात एका रक्षकाला मी सर्वांसमोर कडक शब्दांत सुनावले, कारण त्याची दोनची फेरी चुकली होती. पलटणीत असे बोलणे दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षातही राहत नाही, कारण बोलणारा आणि ऐकणारा एकाच लंगरात जेवतो आणि एकाच खंदकात झोपतो. इथे तसे नव्हते. तो माणूस एक पाळी संपवून दुसरीकडे कामाला जात होता आणि चार तासांच्या झोपेवर उभा होता, हे मला माहीत नव्हते. पुढचे तीन आठवडे सगळ्यांची रजिस्टरे अगदी स्वच्छ आली. एकही फेरी चुकलेली नाही, एकही दिवा बंद नाही, एकही कुलूप सैल नाही. अशा रजिस्टरचा अर्थ मला कोताच्या दारापाशीच कळला होता. मी सर्वांना बसवून, ज्याला सुनावले होते त्याची माफी मागितली आणि चुकलेली फेरी ‘चुकली’ अशी लिहिणाऱ्यावर कारवाई होणार नाही, असे लेखी दिले. कंपनीशी बोलून पाळ्या आठ तासांच्या करून घ्यायला आणखी पाच महिने गेले. हळूहळू रजिस्टरांत खऱ्या गोष्टी दिसू लागल्या: मागचा दिवा गेला, तीन नंबरच्या शटरची तार ढिली, पोट बिघडल्याने चारची फेरी वीस मिनिटे उशिरा.

आता निवृत्त होणारी मुले त्यांचे बायोडेटा मला पाठवतात. गेल्या आठवड्यात सतरा वर्षे सेवा झालेला एक नायक येऊन बसला. त्याच्या कागदावर कोर्स आणि पदके होती आणि खाली ‘गार्ड ड्यूटी’ असे दोनच शब्द होते. मी पेन्सिल घेतली आणि त्या शब्दांखाली रेघ ओढली. गार्ड किती जणांचा, राखायचे काय, बदल किती तासांनी, असे एकेक विचारत गेलो. तो आधी संकोचला, मग भराभर सांगू लागला, आणि तीन तासांत त्या दोन शब्दांची दीड पाने झाली. एका वर्षी पावसाळ्यात स्फोटकांच्या कोठाराची सगळी कुलपे गंजली तेव्हा त्याने स्वतः वेळापत्रक बनवून ती पाळीपाळीने कशी बदलून घेतली, हे सांगताना तो उभाच राहिला. ते मी त्याच्याच शब्दांत लिहून घेतले. चाव्यांचा हिशेब अजून राहिला होता. त्याची गाडीची वेळ झाली, म्हणून तो रविवारी घ्यायचा असे ठरवून आम्ही उठलो.